आठ वेळा गूळ

माझं तोंड वाईट आहे. आमच्या गावात कोणालाही विचारा, इकडेतिकडे बघून का होईना, पण सांगतील. बावीस वर्षं मी इथली अंगणवाडी चालवते आहे. ज्यांची नाकं मी पुसली, त्यांची पोरं आता माझ्या सतरंजीवर बसतात. आवाज चढवल्याशिवाय कोणी पोराला वेळेवर वजनाला आणलंय, असं एकदाही झालेलं नाही. त्यामुळे ही जीभ कामाचीच आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. गेल्या पौषात ती समजूत चांगलीच अंगाशी आली.

गाव आमचं मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. बाजाराला धसई, जत्रेला म्हसा आणि कागदपत्रांना मुरबाड. खाली भाताची खाचरं, वर माळावर नाचणी-वरी, आणि तरणी माणसं कामाला बाहेर. ज्याची ही गोष्ट, त्या भाविकचा बाप कान्हा शहापूरकडे एका गोदामात आहे, आठवड्यातून एकदा येतो. आई अपेक्षा सकाळी सातच्या गाडीनं कारखान्यात जाते. पोर दिवसभर आजीकडे, गुणाबाईकडे. गुणाबाई साठीच्या पुढची, वाळकी, कमी बोलणारी. चार शब्द बोलायचे असले तर तीन गिळून एक बोलणार. माझ्यासारखीला अशा बाईचा फार राग येतो, कारण भांडायला हाताला काही लागत नाही.

भाविक सव्वा वर्षाचा होता तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. आमच्याकडे वजनाचा तक्ता असतो. हिरव्या पट्ट्यात पोर ठीक, पिवळ्यात अशक्त, आणि लालमध्ये गेलं की तालुक्याच्या दवाखान्यात भरती. भाविकचा ठिपका पिवळ्यातून लालकडे घसरत होता. दिवस लावणीचे, बाया दिवसभर चिखलात, पोरं घरी उपाशी. मी सगळ्या आयांना आणि आज्यांना गोळा केलं आणि हुकूम सोडला. गूळ-शेंगदाण्याचा लाडू करून ठेवा, चावता येत नसेल त्याला गुळाचा खडा द्या, दिवसातून आठ वेळा पोराच्या तोंडात गोड पडलं पाहिजे. हा आठचा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही. कुठल्या पुस्तकात नव्हता, कुठल्या प्रशिक्षणात नव्हता. तोंडाला आला आणि मी तो ठासून सांगितला.

आणि गूळ लागू पडला की! पोरांची वजनं वाढली. पुढच्या वर्षी दिवाळीला भाविक अकरा किलो दोनशे झाला, हिरव्या पट्ट्यात बसला. मुरबाडच्या बैठकीत आमच्या पर्यवेक्षिका मॅडमनी मला उभं केलं, टाळ्या वाजवल्या. आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दिवाळीनंतर मात्र भाविक पुन्हा घसरायला लागला. मार्गशीर्षात दहा किलो आठशे, पौषात दहा तीनशे. ताटातला घास पुढे केला की तोंड फिरवायचा. भाकरीला हात लावायचा नाही, पेज तेवढी प्यायचा. अजून सातशे ग्रॅम गेले की लाल पट्टा. मी गुणाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "खात नाय." अडीच वर्षं ओलांडलेलं पोर का खात नाही, याचं उत्तर म्हणे 'खात नाय'. मी कपाळाला हात लावला.

त्याच सुमाराला शहापूरला आम्हा सेविकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. दोन्ही तालुक्यांतल्या लहान मुलांच्या दातांची पाहणी करायची होती. कोणाला कीड लागण्याचा धोका किती, घरी दात कोण घासतं, कसे घासतं, काय खातात, याचा दोन पानी फॉर्म होता. दंत महाविद्यालयातली प्रियांका नावाची डॉक्टर शिकवायला होती, माझ्या धाकटीच्या वयाची. "पोराचा वरचा ओठ उचलायचा आणि बघायचं," ती सांगत होती, "हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ दिसली की ती किडीची सुरुवात समजायची." मी मागच्या बाकावर जांभया देत होते. दुधाचे दात, पडणारच आहेत, त्यांचे एवढे लाड कशाला, असं माझं मत. गोड कमी करा असंही ती म्हणाली, ते मी ऐकलं. पण माझ्या डोक्यात गोड म्हणजे चॉकलेट आणि बिस्किटं. गूळ हे पोषण होतं.

आठ दिवसांनी प्रियांका डॉक्टर तिच्या बॅटरीसकट आमच्या अंगणवाडीत हजर झाली. तीसेक बाया जमल्या. तिनं ब्रश वाटले आणि सांगितलं, की तीन वर्षांखालच्या मुलाला पेस्ट फक्त तांदळाच्या दाण्याएवढी.

"कुठला तांदूल?" सकुबाईनं विचारलं. तिला सहा नातवंडं. "झिनीचा का जयाचा?"

डॉक्टर गोंधळली. "मावशी, कुठलाही. त्यानं काय फरक पडतो?"

"कसा नाय पडत? जयाचा दाना केवडा जाड!"

यावर पाव तास चर्चा झाली. भात पिकवणाऱ्या बायांपुढे तांदळाचं माप काढल्यावर दुसरं काय होणार? शेवटी झिनीचा दाणा सर्वानुमते मंजूर झाला आणि डॉक्टरनं कपाळावरचा घाम पुसून पोरं बघायला घेतली.

भाविकची पाळी आली. डॉक्टरनं त्याचा ओठ हळूच उचलला आणि मीही वाकून बघितलं. वरचे पुढचे चार दात. हिरडीजवळ पांढरा पट्टा, त्यातले दोन तपकिरी पडलेले, एकाला तर खड्डा. पोरानं तोंड मिटलं आणि मुसमुसायला लागलं. माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. गुणाबाई मिश्री लावते, हे साऱ्या गावाला माहीत. जळका तंबाखू हिरड्यांना चोळायचा आणि तासभर थुंकत बसायचं.

"मिश्री!" मी ओरडले. "गुणाबाई, स्वतःच्या तोंडाची राख केलीत ती केलीत, पोराच्या तोंडात कशाला भरलीत? म्हणून खात नाही तो! सोन्यासारखं पोर मी हिरव्या पट्ट्यात आणून दिलं होतं, तुमी त्याची माती केलीत. लाज वाटत नाय?"

डॉक्टर म्हणत होती, "ताई, हे मिश्रीचं वाटत नाही..." पण माझा आवाज एकदा लागला की दुसऱ्याचा ऐकू येत नाही. बाया खाली बघत होत्या. कोणीतरी पदराआड हसली. गुणाबाईनं पोराला कडेवर घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि निघून गेली. मला वाटलं, चोर सापडला.

"तिचा फॉर्म अर्धाच राहिला," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाली. "घरच्या सवयींचं पान कोरं आहे. तुम्ही ओळखीच्या आहात, घरी जाऊन भरून आणाल? आणि जे सांगतील तेच लिहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. गुणाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती, भाविक शेजारी लोळत होता. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि परत वालांकडे वळली. मी फॉर्म काढला.

"पोराला मिश्री लावता?"

"माजी मला," ती म्हणाली. "पोराला कशाला लावीन? मी काय येडी हाय?"

एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. दात कशानं पुसता? ओल्या फडक्यानं, सकाळी. चहा देता? नाय. बिस्किट? बाप आला की एक पुडा. मी उत्तरं लिहीत गेले. पुढचा प्रश्न होता, जेवणाच्या मधल्या वेळात गोड किती वेळा.

"आठ," गुणाबाई म्हणाली.

मी वर बघितलं.

"गूल गोडच ना? मंग आठ. तुमी सांगितला तसा." ती उठली, आत गेली आणि दोन डबे घेऊन आली. एका डब्यात पाच चिंचोके होते, दुसऱ्यात तीन. "मला आकडं येत नाय. इसरायला नको म्हनून. एकदा दिला की एक चिंचोका हिकडचा तिकडं. रातच्याला समदे तिकडं गेले की आठ झाले. एक दिस बी चुकवला नाय, बाई. भात कापनीत बी नाय."

"आणि झोपताना?" मी विचारलं.

"आठवा झोपताना. फडक्यात बांधून तोंडात देते. चोखत चोखत झोपतो."

दीड वर्षं. रोज आठ वेळा, आणि शेवटचा रात्रभर दातांवर. माझ्या अंगणवाडीत इतक्या शिकलेल्या पोरी-सुना आहेत, त्यातल्या कोणी माझं बोलणं अर्धं ऐकलं, कोणी विसरलं, कोणी आठवड्यातून दोनदा लाडू दिला. माझा शब्द न् शब्द पाळणारी एकच निघाली, आणि तिच्याच नातवाचे दात गेले. पोर दुखतंय म्हणून खात नव्हतं. खात नाही म्हणून वजन घसरत होतं. वजन घसरतंय म्हणून ती माउली आणखी नेमानं गूळ देत होती. मला त्या ओट्यावर बसवेना.

"काल मी एवढी बोलले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी बोलत व्हता," गुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते साधं वाटत होतं, की बाई बोलत असताना मधे बोलायचं नसतं.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता, ही सवय कोणाच्या सल्ल्यानं लागली. घरचे, शेजारी, डॉक्टर, अंगणवाडी, इतर. समोर पाच चौकोन. खोटं कशाला बोलू, माझं पेन आधी 'घरचे' वर गेलं. गुणाबाईला वाचता येत नाही. डॉक्टर चार महिन्यांनी तिच्या वाटेनं जाणार. मला टाळ्या वाजवणाऱ्या मॅडम हा फॉर्म बघणार. भाविक लोळत लोळत माझ्या मांडीपाशी आला आणि माझ्या पिशवीचा बंद ओढायला लागला. मी 'अंगणवाडी' वर खूण केली आणि समोर माझं नाव लिहिलं, भावना, पूर्ण नाव, सहीसकट.

डॉक्टरला तिथूनच फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मला एका शब्दानं दुखावलं नाही. म्हणाली, "दातांची नस अजून वाचलेली दिसते. एक औषध आहे, चांदीचं. नुसतं ब्रशनं लावायचं, सुई नाही, मशीन नाही. कीड तिथंच थांबते, ठणका कमी होतो. गुरुवारी मी येते. फक्त एक आहे, किडलेला भाग कायमचा काळा होतो. आजीला आधी सांगा."

मी सांगितलं. गुणाबाईनं वालाची टोपली बाजूला ठेवली.

"काला नको."

"अहो, दात वाचतील. पोर जेवेल."

"काला झाला तं लोक काय म्हनतील? म्हातारीनं मिश्री लावली. बाई बोलली तेच खरा."

"मी तुम्हाला सांगते ना, चूक माझी झाली. गूळ मीच सांगितला होता."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मला एकटीला सांगता," ती म्हणाली. "काल समद्यांना सांगितलात."

मी पिशवी उचलली आणि घरी आले. पुढचे दोन दिवस मी मदतनीस लहानीवर, नवऱ्यावर, कोंबड्यांवर, सगळ्यांवर खेकसले. आतून एकच भीती होती. बावीस वर्षांत जे कमावलं ते बायांच्या विश्वासावर. तो गेला तर उद्या लस टोचायला पोर कोण आणेल? असं मी स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर मला फक्त लाज वाटत होती. आणि तिकडे भाविक पेजेवर दिवस काढत होता.

गुरुवारी बाया जमल्या. डॉक्टर बाटली-ब्रश मांडून बसली. गुणाबाई दारातच उभी होती, भाविक कडेवर, आत यायचं नाव नाही. मी उठले. एरवी मला भाषण करायला सांगावं लागत नाही, त्या दिवशी आधी सतरंजीचं टोक सरळ केलं.

"त्या दिवशी मी या जागेवर उभी राहून गुणाबाईला मिश्रीवरून बोलले," मी म्हटलं. "ते खोटं होतं. भाविकचे दात मिश्रीनं नाही गेले, माझ्या गुळानं गेले. दिवसाला आठ वेळा द्या असं मी सांगितलं, कोणाला न विचारता, मनानं. तिनं एक दिवस चुकवला नाही. माझ्या बोलण्यावर तिनं विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. आता त्याच्या दातांना औषध लागलं की ते काळे दिसतील. कोणी विचारलं तर सांगा, ही भावनाबाईची करणी आहे. गुणाबाई, मला माफ करा."

मग सकुबाई हळूच म्हणाली, "मंग आमच्यांचा बी?" तिनं स्वतःच मांडीवरच्या नातीचा ओठ उचलला. शेजारणीनं आपल्या पोराचा उचलला. एकेक करत सगळ्या ओठ उचलून बघायला लागल्या. अकरा पोरांच्या हिरडीजवळ पांढरी रेघ निघाली. डॉक्टरच्या फॉर्मांत ती आधीच होती, बायांनी आत्ता पाहिली. पूजा नावाची तरणी सून माझ्या तोंडावर म्हणाली, "आमी आंधल्यावानी ऐकत बसलो तुमचा." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं.

"पांढऱ्या रेघेला घाबरू नका," डॉक्टर मोठ्यानं म्हणाली. बारीक दिसणाऱ्या पोरीचा आवाज चांगला खणखणीत निघाला. "ती परत फिरते. सकाळी आणि झोपायच्या आधी ब्रश, मोठ्या माणसाच्या हातानं. गूळ जेवणाच्या ताटातच, मधे मधे नाही, आणि तोंडात ठेवून झोपवायचं तर अजिबात नाही. वजनासाठी अंडं द्या, भातावर तेल-तूप घाला, शेंगदाण्याचं कूट घाला. वजन आणि दात दोन्ही सांभाळता येतात."

या गडबडीत गुणाबाई केव्हा आत आली ते मला कळलं नाही. ती डॉक्टरसमोर जाऊन बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पाय तुमी धरा. लय लाथा मारतो."

त्याचं डोकं डॉक्टरच्या मांडीवर, कंबर आजीच्या मांडीवर आणि पाय माझ्या हातात. औषध दुखत नाही म्हणतात, पण ते भाविकला कोण सांगणार? त्यानं छप्पर डोक्यावर घेतलं आणि दोन लाथा माझ्या छातीत हाणल्या. मी हूं का चूं केलं नाही. दोन मिनिटांत काम झालं. गुणाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "चाय घेऊन जा घरी."

दोन दिवसांत ते दात शाईसारखे काळे झाले. धसईच्या बाजारात एका बाईनं गुणाबाईला टोकलं, काय गो, पोराचे दात जळले का? सकुबाई सोबत होती, तिनं मला येऊन सांगितलं. गुणाबाई म्हणाली म्हणे, "औशद हाय. दात वाचलेत." आणि वर त्या बाईच्याच कडेवरच्या पोराचा ओठ उचलून बघितला. कमी बोलणारी बाई अशी वसूल करते.

आठव्या दिवशी भाविकनं कालवणात भिजवलेली भाकरी खाल्ली. पंधराव्या दिवशी कोरडी खाल्ली, कडेची, कडक. माघात वजन दहा किलो साडेचारशे. फाल्गुनात मी काटा दोनदा तपासला, कारण माझाच विश्वास बसेना. दहा किलो नऊशे पन्नास. ठिपका हिरव्याला टेकला होता. मी तक्ता गुणाबाईला दाखवला. तिला आकडे येत नाहीत, पण रंग कळतात. तिनं त्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही.

आता दर महिन्याला वजनासोबत मी पोरांचे ओठ उचलते. त्या दिवशी वजन झाल्यावर भाविकला समोर बसवलं. आधी त्या दातांना वारा लागला तरी तो कळवळायचा, म्हणून मी बोट फार जपून आत घातलं. त्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि कचकन चावा घेतला. नुसता टेकवला नाही, दात रोवून धरलं, वरचे चारही काळे दात, कुत्र्याच्या पिल्लासारखं मान हलवत.

"मेला!" गुणाबाई हात उगारून धावली. "सोड रे बाईचा बोट!"

"मारू नका त्याला," मी ओरडले. "चावू द्या!"

कळ पार खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. त्यानं सोडलं तेव्हा बोटावर चार दातांचे चार खोल वळ उठले होते, एकही कमी नाही. मी ते गुणाबाईला दाखवले, लहानीला दाखवले, दारातनं जाणाऱ्या सकुबाईला हाक मारून दाखवले. बोट दोन दिवस सुजलेलं होतं, पण मी त्याला पट्टी बांधली नाही.